तीन चुली, एक साचा

वाटणीला बसलेल्या म्हाताऱ्यांपुढे साचा कधी आणू नये. शेत आणा, पामची झाडं आणा, बकऱ्या आणा, ती माणसं चोख वाटून देतील. साचा आणलात की मेलात. न्नेवीजवळच्या उमुओडूत ओनुओरा वारला तेव्हा त्याच्या आवारात नेमकं हेच झालं.

ओनुओराचा बादल्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक लांब शेड, आत एक जुनं धापा टाकणारं मशीन आणि भिंतीलगतच्या फळ्यांवर तेल लावून ठेवलेले साचे. मशीन प्लास्टिकचा दाणा वितळवायचं आणि साच्यात दाबून भरायचं, एवढंच. बाकीची सगळी करामत साच्याची. ओनुओराला साच्यांचा फार लळा. बायकांपेक्षा जास्त, असं त्याच्या तिन्ही बायका म्हणायच्या, आणि त्या तिघींचं एकमत होणारी घरातली ती एकच गोष्ट होती.

थोरली आधीच देवाघरी गेली. दुसरी तिच्या मागोमाग. उरली तिसरी, उगोये. ही सगळं आयुष्य मशीनच्या शेजारी स्टुलावर बसून गरम बादल्यांच्या काठाची सुटलेली कोर चाकूने तासत आली होती. हात चालायचे, कान रिकामे, आणि ओनुओराचं तोंड तर कधी बंद नसायचं.

"हा कपाचा साचा बघ, दोन पाटांचा. सरळ माणूस. तोंड उघडतो, कप देतो, तोंड मिटतो. आणि हा तीन पाटांचा, हा सोंगाड्या. दोन जागी उघडतो, एकीकडून माल टाकतो आणि दुसरीकडून मालाच्या वाटेत गोठलेली काडी. हा बाटलीच्या झाकणांचा. याच्या आत आटे आहेत, झाकण ओढलं तर यायचं नाही, फिरवून फिरवून काढावं लागतं. तुझ्या बापाकडून होकार काढला होता ना मी, तस्सं!"

मग तो फणीच्या साच्याकडे बोट करायचा. त्यात मोठी फणी, छोटी फणी आणि साबणदाणी, तिन्ही एकाच दमात निघायची. "हे आपलं घर. एकाच तोंडाने सगळ्यांना वाढायचं. धाकटं उतू जातं, थोरलं अर्धपोटी राहतं, आणि दोघांच्याही शिव्या मला."

पण त्याचा खरा जीव बादलीच्या साच्यावर. त्याचे तुकडे तीन. एक मादी, म्हणजे बादलीच्या बाहेरच्या अंगाची पोकळी. एक नर, म्हणजे पोकळीत शिरणारा आरशासारखा घासलेला खांब. आणि नराच्या बुडाशी बसणारं एक लोखंडी कडं. बादली थंड होताना आवळते आणि नराला अशी मिठी मारून बसते की विचारता सोय नाही. ते कडं काठाखालून तिला ढकलतं, तेव्हा कुठे ती सोडते. ते कडं ओनुओराने स्वतः घासून, केसाचीही फट राहणार नाही असं बसवलं होतं.

तर ओनुओरा गेला आणि वाटणीला न्झे म्बानुगो आले. न्झे म्हणजे गावातले मानाचे म्हातारे, लाल टोपी, हातात पंखा. सोबत आणखी चार-पाच म्हातारे, ते फक्त हुंकार द्यायला. एका बाजूला थोरलीचा मुलगा ओक्वुदिली बसला, बाजारात मोटारीचे पार्ट विकणारा. दुसऱ्या बाजूला दुसरीचा मुलगा तोबेन्ना, ओनित्शाला चपलांचा व्यापारी. दोघांचा एका बकरीवरून अबोला. ती बकरी केव्हाच खाऊन झाली होती, अबोला तेवढा शिल्लक होता.

आमच्याकडे वाटणी चुलीप्रमाणे होते. जितक्या बायका तितक्या चुली, जितक्या चुली तितके वाटे. पण ज्या चुलीला मुलगा नाही, तिच्या पदरात काय पडायचं ते म्हाताऱ्यांच्या मर्जीवर. उगोयेची एकुलती एक लेक ओलाएदो लग्न होऊन कधीच गेली होती.

"चुली तीन तर वाटे तीन," न्झेंनी पूर्वजांपुढे कोलाची बी फोडून ठणकावलं. "तिसरीलाही काहीतरी मिळालंच पाहिजे. उद्या मेलेल्या माणसाला मला तोंड दाखवायचंय."

शेतं वाटली, झाडं वाटली, कपाचा साचा याला, फणीचा त्याला. मशीन उचलायला जड, म्हणून ते सामायिक. शेवटी बादलीच्या साच्यावरून दोघे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून गेले. न्झेंनी तो साचा मधोमध आणायला लावला, खोलायला लावला, आणि तुकडे मोजताच त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, तीन आहेत! देवानेच वाटून ठेवलंय की!"

मादी सगळ्यात मोठी, ती ओक्वुदिलीला. नर सगळ्यात चकचकीत, तो तोबेन्नाला. राहिलं कडं. न्झेंनी ते पंख्याने पुढे सरकवलं.

"हे तिसऱ्या चुलीला. भांडं ठेवायला बरं आहे, डुगडुगणार नाही."

सगळ्या म्हाताऱ्यांनी हुंकार दिला. उगोये सांगायला तोंड उघडणार होती. 'न्झे, हे भांड्याखालचं नव्हे हो, हे तिघं एकमेकांशिवाय फुटक्या कवडीचे नाहीत,' असं अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात ओक्वुदिली फिस्सकन हसला.

"द्या, द्या. हिला चूल तरी किती दिवस लागणारेय? वर्षाचं सुतक फिटलं की जाईल माहेरी. हिची खोली पाडून मला गोदाम बांधायचंय."

"निम्मं गोदाम माझं," तोबेन्ना म्हणाला. बकरीनंतर भावाशी तो पहिल्यांदाच बोलला.

न्झेंनी पंख्याने वारा घेतला आणि वर पाहिलं.  उगोयेला माहेर ते कुठलं? माहेरी भाऊ नाही, भावजय तेवढी आहे, आणि तीही भांडकुदळ. ज्या खोलीत ती लग्न होऊन आली, लेक झाली, नवरा गेला, ती पाडून तिथे मोटारीचे बंपर रचणार! तिने उघडलेलं तोंड मिटलं. गुडघे टेकले आणि न्झेंना म्हणाली, "देव तुमचं भलं करो. भांड्याखाली फार छान बसेल हे."

आता ती काही बावळट नव्हती. साच्याचं लोखंड चुलीवर भाजलं की वाकतं, हे तिला न सांगता ठाऊक होतं. तिने ते कडं पुसलं, तेल चोळलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पेटीत तळाशी ठेवलं. मग ओक्काहून फिरत येणाऱ्या लोहाराला गाठलं आणि तसंच दिसणारं एक बोटभर मोठं कडं बडवून घेतलं. ते मांडलं चुलीवर. चूलही मांडली अशी, की शेडकडे जाणाऱ्या प्रत्येकाला दिसावी. कडू पाल्याचं सूप त्यावर रटरटायचं आणि कडं काजळीने काळंकुट्ट व्हायचं. न्ने म्हणजे आई; येणारेजाणारे तिला लेकीच्या नावाने हाक मारून म्हणायचे, "न्ने ओलाएदो, ओनुओराचं कडं ना ग हे? बरं कामाला आलं!" ती म्हणायची, "हो बाई, न्झेंची कृपा."

तिकडे भावांनी आपापल्या वाट्यांचे काय हाल केले म्हणता! अर्धा साचा विकत कोण घेणार? ओक्वुदिलीने मादी अंगणात आणून टाकली, तिच्यात पावसाचं पाणी साचलं, ते त्याच्या कोंबड्या प्यायच्या. तोबेन्नाने नर उपडा करून दाराशी ठेवला आणि त्यावर बसून तो दात कोरायचा. उगोयेचा जीव तीळतीळ तुटायचा. कोंबड्यांना मका टाकायच्या निमित्ताने जायची, पाणी उपसायची, आतून तेलाचा हात फिरवायची. नराला पुसायचं तर तोबेन्ना उठण्याची वाट बघावी लागायची, आणि तो बसला की लवकर उठायचा नाही.

असं करता करता सुतकाचं वर्ष सरत आलं. ओक्वुदिलीने खोलीच्या भिंतीची मापंसुद्धा घेऊन टाकली. उगोये आत जेवत होती, हा बाहेर दोरी धरून उभा. "जेव, जेव, माझं काही अडत नाही," म्हणाला. तिने ताट बाजूला सारलं.

आणि अशात शेजारच्या गावचा एक बडा असामी मेला. मोठं मयत म्हणजे मोठी मेजवानी, आणि मेजवानीला आलेल्या प्रत्येकाला घरी न्यायला भेट. मेलेल्या माणसाचा हसरा फोटो छापलेली बादली! त्यांच्या थोरल्या मुलाने साफ सांगितलं, "ओनुओराची बादली पाहिजे. जाड काठाची. माझ्या आईची अजून टिकलीय. दुसरी आणलीत तर तोंडावर फेकीन."

ओक्वुदिलीने होकार दिला. तोबेन्नानेही दिला. दोघांनी एकमेकांना न विचारता उचल घेतली आणि खर्चही करून टाकली. मग मादीवाल्याला नर हवा झाला आणि नरवाल्याला मादी. बकरीचा अबोला एका सकाळी सुटला.

"माणूस लावूया का मशीनवर?" तोबेन्नाने विचारलं.

"माणूस कशाला? बापाला रोज करताना बघितलंय. त्यात काय एवढं!"

हमालांकडून साचा मशीनवर चढवला, दाणा ओतला, मशीन तापवलं. उगोये चुलीपाशी शेंगा सोलत बसली होती, डोळे शेडकडे. साचा मिटला. कड्याच्या जागी फट. वितळलेला निळा माल काठाकडून जो पिचकारीसारखा उडाला, तो ओक्वुदिलीच्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर. साचा उघडला. बादली झाली होती खरी, झालरीसकट, पण नराला मिठी मारून बसली होती.

"ओढ," ओक्वुदिली म्हणाला.

तोबेन्नाने बादलीला कवेत घेतलं आणि ओढलं. ओक्वुदिलीने तोबेन्नाची कंबर धरली आणि ओढलं. बादली ढिम्म. मग साबणाचं पाणी झालं, पाम तेल झालं, देवाचं नाव घेऊन झालं. उगोये पदरात तोंड खुपसून हसत होती. इतकी हसली की शेंगा सांडल्या.

पण ओक्वुदिलीने छिन्नी-हातोडा उचलला आणि तिचं हसू जागच्या जागी थिजलं. तो आरशासारखा नर! ओनुओराने महिनोन्महिने बोटांनी घासलेला! एक ओरखडा पडला की जन्मभर प्रत्येक बादलीवर ओरखडा. गप्प बसावं तर हे मेले साच्याचा जीव घेणार, बोलावं तर आपलं पितळ उघडं पडणार. ती उठून धावलीच.

"लोखंड लावू नका रे मुडद्यांनो! व्हा बाजूला!"

तिने आपला जुना चाकू काढला, बादलीला वरून खाली अलगद चीर दिली, लोखंडाला पातं न लागू देता, आणि केळीचं साल काढावं तशी बादली सोलून काढली. 

"तुला ग काय कळतं यातलं?" ओक्वुदिलीने डोळे बारीक केले.

"मला काय कळणार बाबा, मी चुलीपुढची बाई," असं म्हणून ती शेंगा वेचायला गेली. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी आबा शहराहून एक मशीनवाला आणला. त्याने साच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "कडं कुठाय?"

"कसलं कडं?"

"बादली ढकलणारं. ते नसेल तर देवाचा बाप आला तरी बादली निघायची नाही."

दोघांच्या माना एकदमच चुलीकडे वळल्या. तिथे सूप रटरटत होतं.

सरळ मागितलं असतं तर? पण मागायचं कसं? बाईच्या चुलीचं बूड काढून घेणं आमच्यात महापाप. चारचौघांत मागितलं तर गाव थुंकेल, आणि तिने नाही म्हटलं तर काय घ्या? शिवाय उद्या जिला हाकलायचं तिच्यापुढे आज हात पसरायचे? छे. दोघांनी सोपा रस्ता धरला. उगोये बाजाराला गेल्याचं बघितलं, भर दुपारी चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलं, कडं उचललं, आणि त्या जागी तीन दगड मांडले.

कडं खरवडलं, धुतलं, नरावर चढवलं. ते नुसतं गरगर फिरलं. मशीनवाल्याने बोट घालून पाहिलं आणि मान हलवली.

"वर्षभर जाळलंय याला. फुगलंय, वाकलंय. मेलं हे. नवं करायला महिना तरी जाईल."

मयत होतं त्याच आठवड्यात. ओक्वुदिली मटकन दाण्याच्या पोत्यावर बसला. "आपणच दिलं रे तिला भांड्याखाली ठेवायला," तो म्हणाला. त्याला खरोखर रडू यायचं बाकी होतं.

आणि तेवढ्यात आवारातून आरोळी उठली.

उगोये बाजारातून आली होती. तीन दगड पाहिले, आणि हसू दाबताना तिला ठसका लागला. मग तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि असा टाहो फोडला की पलीकडच्या वस्तीतल्या कोंबड्या उडाल्या. "माझी चूल चोरली! विधवेची चूल चोरली!"

घराण्यात लग्न होऊन आलेल्या यच्चयावत बायका मुसळं घेऊन हजर झाल्या. आमच्याकडे बायका मुसळं घेऊन आल्या की पुरुषाने पळू नये, उपयोग होत नाही. त्यांनी शेडला वेढा घातला, बुडं टेकली आणि गाणं सुरू केलं. गाणं जागच्या जागी रचलेलं:

"भांड्याखालचं नेलं ग, भांडं कधी नेशील?
ओक्वुदिली बाप्पा, सूप कशावर शिजवशील?"

पुढची कडवी मी इथे सांगत नाही. ओक्वुदिलीच्या सदऱ्याखालच्या गोष्टींबद्दल होती.

हुंकार देणारे म्हातारे आलेच होते; न्झे म्बानुगोंना झोपेतून उठवून आणावं लागलं. टोपी तिरकी, पंखा उलटा, गालात कोला.

"कडं कोणी उचललं?"

"याने," ओक्वुदिली म्हणाला, "मी नुसता दारात उभा होतो."

"मी उचलायला गेलो, पण 'उचल' कोण म्हणालं?" तोबेन्ना ओरडला. झालं, पुन्हा जुंपली. बकरीसुद्धा निघाली.

"चूप!" न्झे गरजले. "चुलीचं बूड उचलता? आपल्या घराण्यात असलं कधी झालं नव्हतं! दोघं एकेक बकरी द्याल हिला. आणि माफी."

"मला बकरी नको न्झे," उगोये म्हणाली. तिने पदराने डोळे टिपले, जरा सावकाशच टिपले. "मला एकच विचारायचंय. तुम्ही मला ते कडं दिलंत, ते कशासाठी?"

"चुलीसाठी."

"सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, मला हल्ली कमी ऐकू येतं."

"चुलीसाठी दिलं! पूर्वजांपुढे कोला फोडून दिलं!"

"मग न्झे, जिला हाकलून द्यायचं, तिला कोणी चूल देतं का हो?"

 म्हाताऱ्यांचा हुंकार घशातच अडकला. न्झेंनी टोपी सरळ केली. कोला फोडून दिलेला शब्द मागे घेता येत नाही, तो पूर्वजांनी ऐकलेला असतो, मोडणं जिवंत माणसांचं काम नाही. आणि दिलेल्या शब्दाचा अर्थ ही बाई आता त्यांच्याच तोंडून काढून घेत होती. झाकण फिरवून फिरवून काढतात तसा.

"नाही देत," ते शेवटी म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला, कारण चूक झाली की त्यांचा आवाज नेहमीच चढायचा. "चूल दिली म्हणजे जागा दिली! ही बाई इथून हलणार नाही. इथेच जगेल, आणि मेली की नवऱ्याशेजारी इथेच पुरायची. कोण गोदाम बांधतोय बघतो मी!"

उगोयेने एवढं मागितलं नव्हतं. नवऱ्याशेजारी! वर्षभर ती रोज रात्री भावजयीच्या ओसरीवर मरण्याची स्वप्नं बघत होती. आता तिला खरंच रडू आलं, आणि या खेपेला पदर शोधायचंही तिला सुचलं नाही. शेजारच्या बाईने तिला जवळ घेतलं.

"राहा हो राहा, शंभर वर्षं राहा!" ओक्वुदिली केविलवाणा झाला होता. "पण आता बादल्यांचं काय? कडं तर जळून मेलं! त्या मयतवाल्यांना मी काय तोंड दाखवू?"

उगोये नाक पुसत आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा हातात जुन्या लुगड्याचं गाठोडं. सोडलं, तर आत तेलाने चमकणारं कडं, काजळीचा एक ठिपका नाही.



"मग... आम्ही चोरलं ते?" तोबेन्नाने विचारलं.

"ते होय? ते भांड्याखालचं," उगोये म्हणाली. "पुसून परत आणून ठेव बाळ, सूप अर्धवट राहिलंय."

सगळ्यांच्या आधी न्झे हसले. हसता हसता त्यांच्या घशात कोला अडकला आणि पाठीत गुद्दे घालावे लागले. बायकांनी मुसळं आपटून नवं कडवं सुरू केलं.

मयताला बादल्या वेळेवर पोचल्या. जाड काठाच्या, निळ्या, मेलेला माणूस हसतोय. मागण्या वाढत गेल्या. भावांनी चपला आणि मोटारीचे पार्ट आपापल्या बायकांच्या भावांवर सोपवले आणि शेडमध्ये ठाण मांडलं.

काम संपलं की उगोये रोज संध्याकाळी मशीनपाशी येते. कडं उतरवून घेते, पुसते, काखोटीला मारते आणि आपल्या खोलीत जाते. वाट्याला आलेली वस्तू आहे, तिला कोण अडवणार? ते कडं ती उशाशी घेऊन झोपते.

सकाळी मशीन तापलेलं असतं. दाणा ओतलेला असतो. ओक्वुदिली घड्याळ बघत असतो, तोबेन्ना दात कोरत असतो, आणि ही आपली दारात बसून मक्याच्या पेजेत भजी बुडवून खात असते. परवा मयतवाल्यांचा एक माणूस तिथे उभा होता, तो कुजबुजला, "ही म्हातारी कोण हो? हिला कधी पाठवताय घरी?"

ओक्वुदिली त्याच्या अंगावरच गेला. "कुठे पाठवायचं? घरीच आहे ती!" मग आवाज खाली आणून, अगदी अदबीने, त्याने दाराकडे हाक मारली, "न्ने, झालं का खाऊन?"

"थांब रे," उगोये म्हणाली आणि तिने आणखी एक भजं घेतलं.